सावलीचा पाठ



पुष्कळ वर्षांपूर्वी इयत्ता तिसरीस प्रकाश व सावली हा पाठ शिकविताना मी फळ्यावर लिहिले, ‘ठीक बारा वाजता सावली सर्वांत आखूड असते.’ एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, मी अंगणात काठी रोवून पाहिली. बारानंतरही सावली आखडतच होती.” मी त्यास गप्प बसविले. मुलाचे म्हणणे बरोबर होते. चूक माझी होती. आपले घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची वेळ दाखविते. पुणे, नाशिक हे प्रदेश त्याच्या बरेच पश्चिमेस असल्याने तेथे खरी मध्यान्ह साधारणपणे साडेबाराच्या सुमारास होते.

म्हणून माझी विनंती अशी की, हा पाठ पुस्तकातून नव्हे, अंगणातून सुरू करावा. सपाट जागी हातभर काठी ओळंब्याने सरळ रोवावी. दर तासाच्या घंटेस सावलीच्या टोकाशी मुलांकडून खडा ठेववावा व सावलीची लांबी दोरीने मोजवावी. बारा ते एकच्या दरम्यान खडे दर दहा मिनिटांनी ठेवावेत. सर्वांत आखूड सावली कोणती, हे मुलांनीच सांगावे. सूर्याकडे मात्र कोणीही थेट पाहू नये, अशी ताकीद आधीच द्यावी.

पुढे वर्गात थोडा अंधार करून कंदील लावावा. भिंतीसमोर एक बांगडी धरून ती हळूहळू फिरवावी. गोल सावली चपटी होत होत रेघेसारखी होते. बांगडी दिव्याजवळ नेली की सावली मोठी होते, भिंतीजवळ नेली की लहान. मग काच, तेल लावलेला कागद व पुठ्ठा क्रमाने धरून सावलीतील फरक विचारावा.

लहान मुले आपल्या सावलीचे चित्र काढताना तिला पुष्कळदा डोळे व तोंडही काढतात. त्यांस हसू नये. पुन्हा उन्हात नेऊन “सावलीस डोळे दिसतात का?” एवढेच विचारावे. प्रकाश जेथे अडला, तेथे सावली पडली, हे उत्तर मुलांच्याच तोंडून येऊ द्यावे.

महाराष्ट्रात सर्वत्र वर्षातून दोन दिवस मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो व सरळ काठीची सावली नाहीशी होते. त्यांपैकी एक दिवस मे महिन्यात, म्हणजे सुटीत येतो. तो शोधण्याचे काम मुलांकडे सोपवावे.

त्या मुलाने पुन्हा वर्गात शंका विचारली नाही. आपल्या वर्गात असे न घडो, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.