वर निखारे, खाली निखारे

घरातल्या जुन्या पदार्थांविषयी बोलताना आपण ‘आजीच्या हाताची चव’ म्हणतो आणि तिथंच थांबतो. हात गेला, चव गेली, असं म्हणून उसासा टाकला की विषय संपतो. मला आज थोडं पुढं जायचंय. चव हातात असते हे खरंच. पण ती वजनात, अंड्याच्या आकारात आणि विस्तवाच्या जागेतही असते. या गोष्टी शोधून काढता येतात. फक्त त्याला मुदत असते.

उदाहरण म्हणून आमच्या घरची अंड्याची लौज घेऊ. ‘लौज’ हा अरबी शब्द, अर्थ बदाम. हैदराबादेत आणि मराठवाड्यातल्या जुन्या मुसलमान घरांत ही मिठाई होते. खवा, साखर, बदाम, तूप आणि अंडी एकत्र करून ताटात भाजायची आणि शंकरपाळ्यासारख्या तिरक्या वड्या कापायच्या. तळायची नाही, वाफवायची नाही, भाजायची.

भाजायची, पण कशात? ओव्हन तर घरात नव्हता. जाड बुडाच्या पातेल्यात ताट ठेवायचं, वर सपाट झाकण, झाकणावर निखारे, खाली मंद विस्तव. यालाच आमच्याकडे दम देणं म्हणतात. कोकणातलं काकडीचं धोंडस असंच वर-खाली विस्तव ठेवून होत असे. म्हणजे घरी ‘बेक’ करणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. ओव्हन नवा आहे, विद्या जुनी आहे.

आता ही विद्या पुढच्या पिढीला द्यायची, तर तीन कुलपं उघडावी लागतात.

पहिलं कुलूप लिपीचं. नानीची वही उर्दूत आहे. मराठवाडा १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू, शाळेतही उर्दू. त्या काळी शाळेत गेलेल्या कितीतरी हिंदू मुलांनाही उर्दू लिहिता-वाचता येई. त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या पेट्यांत उर्दू कागद निघाले, तर त्यावरून घराचा धर्म ओळखता येत नाही. नानीची वही अम्मी सहज वाचते. आम्ही भावंडं मराठी शाळेत शिकलो, म्हणून अडखळत वाचतो. आमच्या मुलांना ती नुसती नक्षी वाटते. दोन पिढ्यांत अक्षरांची नक्षी होते, हे कविता लिहिणाऱ्या माणसाला फार बोचतं. त्यावर उपाय मात्र साधा आहे. वाचता येणाऱ्या माणसासमोर वही ठेवा, मोठ्यानं वाचायला सांगा आणि मोबाईलवर आवाज टिपून घ्या. मग तो देवनागरीत उतरवा.

दुसरं कुलूप वजनाचं. वहीत ‘अर्धा शेर खवा’ असं लिहिलंय. आपल्याकडे दशमान वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली. त्याआधीचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पण शेर गावोगाव वेगळा असे. मुंबईचा जुना शेर तर याच्या निम्म्याहूनही लहान होता. म्हणून वही कुठल्या गावची, हे आधी विचारावं. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. खवा, साखर, तूप सगळं एकाच शेरानं मोजलेलं असेल, तर प्रमाण बिघडत नाही. बिघडतं ते मोजून घातलेल्या वस्तूत. वहीत बारा अंडी आहेत. ती गावठी कोंबडीची, एकेक चाळीस ग्रॅमच्या आसपास. पोल्ट्रीचं अंडं पंचावन्न ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे बाराच्या जागी नऊ पुरतात. कुणी वहीबरहुकूम बारा घातली, तर लौजेचं गोड आम्लेट होतं आणि दोष मात्र ‘आजीचा हात नाही’ याच्यावर जातो.

तिसरं कुलूप विस्तवाचं. वहीत एवढंच आहे, ‘धीमी आँच पर दम दें’. किती धीमी, किती वेळ, काही नाही. लिहिणारीला ते लिहिण्याची गरजच वाटली नाही. तिच्या चुलीला ते ठाऊक होतं. आजच्या ओव्हनमध्ये वरची आणि खालची, दोन्ही कांब्या चालू ठेवून १६० अंशांवर सुमारे चाळीस मिनिटं लागतात. शेवटची पाच मिनिटं फक्त वरची कांब. ओव्हन नसेल, तर जाड पातेलं मंद गॅसवर ठेवावं आणि झाकणावर तापवलेला लोखंडी तवा ठेवावा. निवत आला की पुन्हा तापवावा. नुसत्या खालच्या आचेनं तळ करपतो आणि वरचा भाग पांढराच राहतो.

ज्यांना करून पाहायची आहे, त्यांच्यासाठी निम्मं माप सांगतो. खवा पाव किलो, साखर पाव किलो, बदामाची बारीक पूड १०० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, पोल्ट्रीची अंडी चार ते पाच आणि चमचाभर दुधात भिजवलेलं केशर. अंडी आणि साखर फेटावी, मग हातानं मऊ केलेला खवा, बदाम, तूप, केशर मिसळावं. हे सगळं थंड असतानाच करायचं. गरम खव्यात अंडं घातलं की गुठळ्या होतात. मग अगदी मंद आचेवर, तळाला न लागू देता, पिठल्याइतकं दाट होईपर्यंत ढवळावं. तूप लावलेल्या ताटात एक बोट जाडीचा थर द्यावा आणि भाजावं. कडेला तूप सुटलं, वर बदामी रंग आला, सुरी स्वच्छ निघाली की झालं. कापायची मात्र पूर्ण निवल्यावर. गरम असताना भुगा होतो.

एवढं झालं तरी एक काम उरतं. केली ती लौज नानीचीच आहे, हे ठरवणार कोण? वही ते सांगत नाही आणि वजनकाटाही सांगत नाही. ते सांगू शकते फक्त ती जीभ, जिनं मूळची लौज खाल्ली आहे. आमच्या घरात अशी एकच जीभ आता उरली आहे. अम्मीनं ऐंशी ओलांडली आहे आणि डॉक्टरांनी तिची साखर बंद केली आहे. ती नखाएवढा तुकडा तोंडात ठेवते, डोळे मिटते आणि म्हणते, “नीचे की आँच ज्यादा हुई, ऊपर की कम.” ते मी लगेच लिहून घेतो. वर सांगितलेली शेवटची पाच मिनिटं अशीच सापडली आहेत. नखभर तुकड्यांची ही परीक्षा किती दिवस घेता येईल, हे माझ्या हातात नाही.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या घरात लौज नसेल. धोंडस असेल, नानकटाई असेल, आणखी काही असेल. ज्यांनी तो पदार्थ मूळ हातचा खाल्ला आहे, त्या माणसाला या आठवड्यात स्वयंपाकघरात बसवा. त्यांनी मूठभर रवा घेतला की तो ताटलीत घालायला सांगा आणि वजन करा. अंडं कुठल्या कोंबडीचं, शेर कुठल्या गावचा, निखारे वर किती आणि खाली किती, हे विचारा. ते हसतील, “यात लिहिण्यासारखं काय आहे?” म्हणतील. तरीही लिहा. शेजारी तारीख घाला आणि सांगणाऱ्याचं नावही.