मापाखालचा दिवा

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला अंधार म्हणजे काय हे सांगायला नको. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. मग हातात बॅटरी घेऊन बारे द्यायला निघावे लागते. बॅटरीचा उजेड चार पावलांपुरता. पण त्यात दंडही दिसतो आणि दंडाकाठचे जनावरही दिसते. आपल्याला हवे तेवढेच दाखवून उजेड थांबत नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथात प्रकाश आणि अंधार हे शब्द जागोजागी येतात. योहानाच्या शुभवर्तमानात तर ते अगदी आरंभापासून आहेत. आपण त्यांचा अर्थ ढोबळ करून टाकतो: ज्ञान म्हणजे प्रकाश, अज्ञान म्हणजे अंधार. योहानाचे म्हणणे याहून बोचरे आहे. उजेड आला तरी माणूस अंधार धरून बसतो, कारण उजेडात आपली करणी उघडी पडेल ही त्याला धास्ती. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाची कथा आहे. येशू त्याला दृष्टी देतो. त्या बिचाऱ्याला आपल्याला दृष्टी देणारा कोण हे हळूहळू उमगत जाते, आणि ज्यांना आपल्याला सारे दिसते अशी खात्री असते ते धर्मपंडित मात्र शेवटी आंधळे ठरतात. तेव्हा अंधार तेवढा शेजाऱ्याच्या घरात आहे असे मानायची सोय या श्रद्धेत नाही.

पण माणसे सोय करून घेतातच! अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ साली सुरू झाले. १८४२ साली येथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. मुलींच्या शाळा निघाल्या, दलितांच्या मुलांना पाटी मिळाली. हे ऋण मोठे आहे. तरी त्या काळच्या पुष्कळशा मिशनरी लिखाणात हा देश अंधारात बुडालेला म्हणूनच रंगवलेला दिसतो. ज्या जिल्ह्यात, नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि तिच्या अखेरीस दुरिताचा काळोख सरावा असे मागणे देवापाशी मागितले गेले, तिथे सारा काळोखच होता असे कसे म्हणावे?

नारायण वामन टिळकांनी तसे म्हटले नाही. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथेच अडकले. दिवा लावून कोणी मापाखाली ठेवीत नाही, हा दृष्टांत त्याच प्रवचनातला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे बरीच वर्षे नगर हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. पूल ओलांडला म्हणून तो मोडायचा नसतो, एवढे भान त्यांना होते.

इथे एक गोष्ट मला नेहमी टोचते. वर्गात टिळकांविषयी शिकवताना मी ती टाळत नाही. नवऱ्याने म्हणावे, मला प्रकाश दिसला. आणि त्याच दिवशी बायकोच्या आयुष्यात काळोख पडावा! लक्ष्मीबाई तेव्हा ऐन पंचविशीतल्या. पदरात लहान मुलगा. काही वर्षे नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने त्यांनी काढली. पुढे नगरास येऊन राहिल्या त्याही आपले सोवळे सांभाळून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे.

त्यांचे मन पालटले ते कोणाच्या वादविवादाने पालटले नाही. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली त्यांना ठाऊक आहे. विचार करता करता एक दिवस त्यांना लख्ख दिसले की माणसे देवाने केली, त्यांच्या जाती मात्र माणसाने केल्या. मग पाणी कोणाच्या हातचे, हा प्रश्नच मिटला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाहा, आधी सोवळे गेले आणि मग बाप्तिस्मा झाला. आपल्या जिल्ह्यातले ख्रिस्ती लोक बहुतांशी महार आणि मांग समाजातून आलेले. त्यांच्या पंक्तीला बसणे हीच त्या काळी खरी परीक्षा होती. ती मनातल्या मनात उरकणारी नव्हती. आणि देऊळ बदलले तरी जात दाराशी चपलांसारखी काढून ठेवली जात नाही, हे आपण सगळेच जाणतो. कोणत्याही धर्माच्या गावात जाऊन पाहावे.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. ‘स्मृतिचित्रे’तला उतारा शिकवताना मुले लक्ष्मीबाईंच्या विनोदाला हसतात, हसू द्यावीत. पण तिच्या हंड्याला कोणी शिवायचे नाही असा ज्या बाईचा दंडक होता, तिनेच तो मोडल्याचे स्वतःच्या लेखणीने लिहून ठेवले आहे. आपल्या घरातला अंधार असा चारचौघांत दाखवायला मन घट्ट लागते.

टिळक १९१९ साली वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांवरच थांबले होते. वधस्तंभाच्या अंधारापर्यंत त्यांची लेखणी पोहोचलीच नाही. पुढचे बहुतेक सारे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.