निळा फोटो आणि नानांचे सहा महिने



आपल्यापैकी बऱ्याच घरांत हे होतं. आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात. पहिला महिना झकास जातो. विंडसर होतं, लंडन होतं, देवळं होतात. आणि दुसऱ्या महिन्यात एका दुपारी आपण कॉलवरून उठून खाली येतो, तर वडील खिडकीशी बसून कचऱ्याची गाडी बघत असतात. कुठली गाडी कुठल्या वारी येते हे त्यांना आता आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मागच्या वर्षी मार्चअखेर स्लाउला आले. वय 77. कराडचे. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून सगळी नोकरी झाली. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. एरवी आई बोलायची आणि नाना मान हलवायचे. आता बोलणारं माणूसच नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघं जेवताना पाण्याचा तांब्या इकडून तिकडे सरकवायचो, एवढाच संवाद.

त्यांनी येताना आईचा एक फोटो आणला होता. 1978 सालचा, कराडच्या प्रीतिसंगमावरचा, घाटाच्या पायऱ्यांवर उभी असलेली आई. आगपेटीपेक्षा थोडा मोठा, कोपरे दुमडलेले. "मोठा करून मिळेल का इथं?" एवढंच म्हणाले.

दुकानात देऊन अर्ध्या तासात काम झालं असतं. पण माझ्या डोक्यात त्या वेळी एक खूळ होतं, सायनोटाइपचं. आपल्या भाषेत निळा फोटो. कागदावर दोन लोहक्षारांचं मिश्रण ब्रशने लावायचं, अंधारात वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. जिथं ऊन लागलं तिथं गडद निळा रंग राहतो, बाकीचं धुऊन जातं. ही पद्धत सर जॉन हर्शेल यांनी 1842 साली शोधली. हे हर्शेल आपल्या स्लाउचेच, 1792 साली इथंच जन्मले. फोटोग्राफीत 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्दही त्यांनीच रूढ केले. नाना रोज सकाळी ज्या हर्शेल पार्कमध्ये फिरायला जायचे, ते त्याच घराण्याच्या नावाचं.

मी नानांना हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ब्लूप्रिंट." आणि खरंच तसं आहे. इंजिनिअरांच्या नकाशांची ती जुनी ब्लूप्रिंट, निळ्यावर पांढऱ्या रेषा, ती म्हणजे सायनोटाइपच. नानांच्या काळात अमोनिया प्रिंट आली होती, पण रेकॉर्ड रूममध्ये जुन्या ब्लूप्रिंटच्या गुंडाळ्या त्यांनी हाताळल्या होत्या. ट्रेसिंग पेपर कागदावर ठेवायचा, वर काच, मग उजेड. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

आता अडचण कुठं येते ते सांगतो. हा कागद फार मंद असतो आणि त्याला मुख्यतः अतिनील किरणंच लागतात. त्यामुळे छोटी निगेटिव्ह एन्लार्जरमधून मोठी करून यावर फोटो काढता येत नाही. फोटो जेवढा हवा, तेवढीच मोठी निगेटिव्ह थेट कागदावर ठेवावी लागते. पूर्वी हे जिकिरीचं होतं. आता घरचा इंकजेट प्रिंटर ते करतो. जुना फोटो नीट स्कॅन करायचा, कृष्णधवल करायचा, संगणकावर त्याचं काळ्याचं पांढरं करायचं आणि पारदर्शक ओएचपी फिल्मवर छापायचं. झाली निगेटिव्ह. कमीत कमी मला तरी तसं वाटलं होतं.

पहिला फोटो आम्ही एप्रिलच्या एका शनिवारी मागच्या अंगणात केला. पाण्यातून वर आला तसा मी खूश. नानांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "पदर उजव्या खांद्यावर? ही गुजराती कधी झाली?"

फोटो उलटा आला होता. कारण साधं आहे. फिल्मची शाईची बाजू कागदाला चिकटली पाहिजे, नाहीतर फिल्मच्या जाडीतून उजेड पसरतो आणि कडा फुटतात. मी शाई खाली ठेवली, ते बरोबर होतं. पण मग छापण्याआधी चित्र आरशासारखं उलटं करून घ्यावं लागतं, ते विसरलो. नाना म्हणाले, ट्रेसिंगची शाई ते नेहमी वर ठेवायचे, अक्षरं सरळ यावीत म्हणून. नकाशाच्या रेषेला तेवढं चालतं, चेहऱ्याला चालत नाही.

दुसऱ्या वेळी पदर जागेवर आला, पण चेहरा पांढरा फटक. नाक नाही, डोळ्यांखालची सावली नाही. मग मी दिवसभर ऑफिसात जे करू नका म्हणून लोकांना सांगतो, तेच केलं. दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं तयार सेटिंग उतरवून घेतलं आणि आपल्या फाइलवर चढवलं. आता चेहरा इतका काळवंडला की कपाळावरचं कुंकूही दिसेना. नानांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला आणि टेबलावर पालथा ठेवला. "ही ती नाही," म्हणाले.

त्या दिवशी मला थोडा रागच आला. चार तास काम केलं होतं. पण रात्री तो फोटो पुन्हा पाहिला तेव्हा पटलं. ती खरंच आई नव्हती. कुणीतरी सावळी, थकलेली बाई होती.

दुसऱ्याचं सेटिंग का चालत नाही? कारण त्याचा प्रिंटर वेगळा, शाई वेगळी, कागद वेगळा, ऊन वेगळं. आपल्या डोळ्याला जी शाई काळी दिसते, ती अतिनील किरणांना काळी असेलच असं नाही. म्हणून आधी मोजायचं. यात तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी वेळेची. फिल्मचा कोरा तुकडा कागदावर ठेवायचा आणि वर पुठ्ठा धरून तो दर मिनिटाला थोडा थोडा सरकवायचा. जिथून पुढे निळा रंग आणखी गडद होत नाही, ती आपली वेळ. हे नानांना शिकवावं लागलं नाही. पुठ्ठा त्यांनी माझ्या हातातून घेतला. पण स्लाउचं ऊन दहा मिनिटांत तीन वेळा रंग बदलतं, म्हणून मी अतिनील एलईडीचा दिवा मागवला. नाना म्हणाले, "शेवटी ऊन पण विकत घेतलंस." त्या दिव्याखाली आमची वेळ ठरली बारा मिनिटं. दिवा लागलेला असताना त्याच्याकडे बघायचं नाही, हे मात्र मुलांना बजावून ठेवा.

दुसरी पायरी शाईची. वेगवेगळ्या रंगांचे छोटे चौकोन फिल्मवर छापून त्यांचाच सायनोटाइप करायचा. ज्या चौकोनाखाली कागद पांढरा राहिला, तो रंग अतिनील किरणं नीट अडवतो. आमच्या प्रिंटरवर काळ्यापेक्षा हिरवट रंगाने जास्त अडवलं. डोळ्याला ती निगेटिव्ह फिकी दिसायची. नानांचा विश्वास बसेना. त्यांच्या हिशेबात शाई पातळ म्हणजे रेषा पुसट. पण छापून पाहिल्यावर गप्प झाले.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस करड्या छटांची पट्टी छापायची आणि तिचा फोटो काढायचा. आमची पट्टी नदीवरच्या घाटासारखी दिसत होती. खालच्या सात-आठ पायऱ्या निळ्या पाण्यात बुडालेल्या, वरच्या चार-पाच उन्हात पांढऱ्या झालेल्या, आणि मधल्या तेवढ्या मोजता येतील अशा. आईच्या चेहऱ्याच्या सगळ्या छटा नेमक्या त्या हरवलेल्या पायऱ्यांवर होत्या. मग प्रत्येक पायरी कुठं आली आणि कुठं यायला हवी होती, याचा तक्ता मांडायचा आणि संगणकात त्याप्रमाणे वक्ररेषा वाकवायची. त्या रेषेलाच 'कर्व्ह' म्हणतात. पुन्हा पट्टी छापायची, पुन्हा मोजायचं.

मी स्कॅनर घेऊन बसलो, नाना भिंग घेऊन. स्कॅनर म्हणायचा ठीक आहे. नाना म्हणायचे, "सहा आणि सात एकच आहेत." आणि बहुतेक वेळा असायचे. मे आणि जून हे दोन महिने आमचे यात गेले. एका वहीत ते तारीख, मिनिटं, कागद आणि शेरा लिहायचे, त्याच खात्यातल्या तिरक्या, एकसारख्या अक्षरांत. आणि मधल्या बारा मिनिटांत, दिवा चालू असताना, बोलायचे. हा फोटो त्यांनीच काढला होता, मित्राचा कॅमेरा मागून आणून. आई तेव्हा रागावलेली होती, कारण त्यांनी घाटावर यायला उशीर केला होता. हे मला चव्वेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

जुलैत वेगळंच संकट आलं. धुताना निळा रंगच फिका पडायला लागला. हा रंग अल्कलीला टिकत नाही, आणि आपल्याकडचं नळाचं पाणी किती जड आहे ते तुमच्या किटलीतला पांढरा थर सांगेलच. उपाय माझ्या बायकोने काढला. ढोकळ्यासाठी आणलेलं सायट्रिक ॲसिड, त्याची एक चिमूट ट्रेमधल्या पहिल्या पाण्यात. प्रश्न संपला. कागदही असाच बघून घ्या, ज्यात चुन्याचा अंश घातलेला नाही असा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक फोटो पाण्यातून वर आला आणि नाना काही बोललेच नाहीत. दोरीवर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी हवा लागून निळा आणखी गडद झाला. कपाळावर कुंकू होतं. भुवया जराशा आक्रसलेल्या होत्या. नाना म्हणाले, "रागावलीय." वहीत त्या दिवसाच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी फक्त "ठीक" लिहिलंय.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर सुरुवात निगेटिव्हशिवाय करा. मुलांना पानं, फुलं, आजीची लेस कागदावर ठेवायला सांगा. केंटमधल्या ॲना ॲटकिन्स यांनी 1843 पासून समुद्री शैवालांचं पुस्तक असंच केलं. फोटोग्राफीने चित्रं दिलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. प्रमाण साधारण असं: फेरिक अमोनियम सायट्रेट 25 ग्रॅम 100 मिली पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड 10 ग्रॅम वेगळ्या 100 मिली पाण्यात, आणि लावायच्या आधी दोन्ही समभाग. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, आणि फेरिसायनाइड तीव्र ॲसिडपासून आणि आचेपासून लांब ठेवा. मग निगेटिव्हकडे वळा, आणि पट्टी आपली आपणच मोजा.

नाना सप्टेंबरमध्ये परत गेले. फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून हँडबॅगेत नेला, विमानात मांडीवर ठेवला. मी फोनवर सांगितलं, ओल्या चुन्याच्या भिंतीवर लावू नका, थेट उजेडात ठेवू नका. आणि फिका पडलाच तर घाबरू नका, काही दिवस अंधारात ठेवला की या फोटोचा रंग बराचसा परत येतो.

नाना म्हणाले, "म्हणजे सहा महिने भिंतीवर, सहा महिने कपाटात. व्हिसासारखंच की."

वही त्यांनी इथंच ठेवली आहे. पुढच्या पानावर तारखेचे, मिनिटांचे रकाने आखून ठेवलेत, एप्रिलसाठी.