दुसरी लेक आणि दिवाळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. "घरातला विषय घ्या आणि घरातल्यासारखे बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी, ही आपल्याकडची जुनी रीत. पहिल्या वेळी डोहाळजेवण होते, ओटी भरतात, आई डिंकाचे लाडू करून डबे भरून ठेवते. बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर पडत नाही. दुसऱ्या वेळी मात्र ती घरचीच सून असते. तिच्या वाटचे काम तिचीच वाट पाहत असते आणि आधीचे मूल पदर सोडत नाही. त्यातच सण आला तर विचारूच नका. आणि दुसरीही मुलगीच झाली, तर बाळ पाहायला आलेली माणसे आनंद करायचा सोडून समाधान करायला बसतात. दुसरी मुलगी ऐन सणात घरी आली तर तिचे स्वागत कसे व्हावे, हाच माझा आजचा विषय आहे.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझ्या धाकट्या जावेची दुसरी मुलगी २१ ऑक्टोबर २०२२ रोजी, वसुबारसेच्या सकाळी, सरकारी दवाखान्यात झाली. थोरली तेव्हा चार वर्षांची होती. घरात चकलीची भाजणी दळून आलेली, माळ्यावरून आकाशकंदील काढलेला, आणि मी व सासूबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात. परिचारिकेने बाळ हातात दिले तेव्हा शेजारच्या खाटेजवळची एक बाई म्हणाली, "असू द्या हो, पुढच्या वेळी होईल." बाळाला जगात येऊन अर्धा तासही झाला नव्हता. जावेने ते ऐकले आणि भिंतीकडे तोंड केले. तिची ती पाठ माझ्या अजून लक्षात आहे.

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातो. गाईचे दूधतूप त्या दिवशी वर्ज्य, कारण ते वासराचे. त्याच दिवशी तिथल्याच एका बाईने जावेला सल्ला दिला, की पहिला चीक पिळून टाक, तो बाळाला बाधतो, तोवर मध चाटव. आता बघा, गाईचा चीक आपण खरवसासाठी चार घरी विचारत फिरतो आणि बाईचा चीक टाकायला सांगतो! डॉक्टरीणबाईंनी नीट समजावले. तो पिवळसर चीक म्हणजे बाळाला रोगापासून राखणारे पहिले संरक्षण. जन्मल्यापासून तासाभराच्या आत बाळ अंगावर घ्यावे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. घुटी नको, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नको, त्यातून लहान बाळाला विषबाधा होऊ शकते. क्षयाची लस, पोलिओचे थेंब आणि काविळीची लस हे दवाखान्यातच झाले. सासूबाईंनी आपली चारही मुले घुटीवर वाढवलेली. त्या म्हणाल्या, "माझी वाढली ती देवाच्या कृपेने. हिला डॉक्टरीणबाई सांगतील तसे करू." सगळ्याच सासवा असे म्हणत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितले.

घरी आल्यावर पहिला प्रश्न फराळाचा. दरवर्षी आमच्याकडे सात जिन्नस होतात. त्या वर्षी मी तीनच केले: चिवडा, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू. चकल्या बचतगटाच्या बायकांकडून विकत घेतल्या. काहींनी नाके मुरडली. पण चुलीपुढचा वाचलेला वेळ मी अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू आणि शेपूची भाजी यांत घातला. माझे म्हणणे असे, की ज्या घरात बाळंतीण आहे त्या घरात आधी तिचे ताट आणि मग पाहुण्यांची ताटली. अंगावर पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा जास्त अन्न लागते. तिला मुलगी झाली म्हणून ते कमी लागत नाही. पण कित्येक घरांत मुलगा झाला की तुपाचा डबा खाली येतो आणि मुलगी झाली की तो फळीवरच राहतो. तोंडाने कोणी काही बोलत नाही, पण बाळंतिणीला सगळे कळते.

नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन त्या वर्षी एकाच दिवशी, २४ तारखेला आले. पहाटे थोरली रुसून बसली. आईने न्हाऊ घातल्याशिवाय अंघोळ करणार नाही म्हणाली. बाळ झाल्यापासून तिचे असेच चालले होते. हाताने जेवणारी पोर भरव म्हणू लागली, दोन रात्री अंथरूणही ओले केले. भगिनींनो, अशा वेळी "आता तू मोठी झालीस, ताई झालीस," असे आपण पटकन म्हणतो. चार वर्षांचे मूल एका रात्रीत मोठे कसे होईल? तिला एवढेच दिसते, की आई कोणीतरी पळवली. तिच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. आमच्या भावोजींनी त्या दिवशी स्वतः तिला तेल लावले, उटणे लावले, न्हाऊ घातले. कारीट कोणी फोडायचे याचा मान तिला दिला. मग नवा फ्रॉक घालून तिला दवाखान्यात नेले आणि बाळाला हात लावायच्या आधी तिला आईच्या कुशीत अर्धा तास बसू दिले. तेवढ्याने निम्मा रुसवा गेला.

त्याच संध्याकाळी मायलेकी घरी आल्या. उंबरठ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले. घरात सोयर असल्यामुळे देवाची पूजा आम्हांला नव्हती. लक्ष्मीपूजनाचा दिवा शेजारच्या वहिनींनी येऊन लावला. कंदील आणि पणत्या मात्र आम्ही लावल्याच. सोयर आनंदाचे असते, अंधाराचे नाही, असे सासूबाईंचे मत पडले. आळीतल्या मुलांना मी सांगून ठेवले होते, की आमच्या दाराशी फटाके नकोत. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाच्या फटाक्यांना सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच बंदी केली आहे, पण तान्ह्या बाळापाशी आवाज आणि धूर दिवसाही वाईटच. मुलांनी ऐकले. शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरीही आम्ही त्याच कारणाने टाळली.

येणारा जाणारा म्हणत होता, "लक्ष्मी आली हो घरी!" आणि पुढच्याच वाक्याला विचारत होता, "दुसरीही मुलगीच का?" लक्ष्मी दरवर्षी घरी येते, तिला आपण दुसऱ्यांदा आलीस म्हणून कधी तोंड वाकडे करून दाखवत नाही.

पाचवा दिवस २५ ऑक्टोबरचा. पाचवीची पूजा आणि त्याच दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण! संध्याकाळी पाचच्या आधी ग्रहण लागले आणि सूर्य ग्रहणातच मावळला. पहाटेपासून वेध लागले होते. एका नातेवाईक बाईंनी फर्मान काढले, की बाळंतिणीने काही खायचे नाही आणि ग्रहण सुटेपर्यंत बाळाला पाजायचे नाही. घरात दोन तट पडले. जाऊ बिचारी रडवेली झाली. भूक तिला लागलेली आणि बाळही दर दोन-अडीच तासांनी रडून उठणारे. मी पंचांग काढून दाखवले. लहान मुले, म्हातारी आणि आजारी माणसे यांना वेधात सवलत द्यावी, हे त्यातच छापलेले असते. शिवाय ग्रहणाने अन्नात किंवा दुधात काही बिघडत नाही, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे तेवढे टाळायचे असते. मी भाकरी, शेपूची भाजी आणि तूप असे ताट वाढून जावेपुढे ठेवले आणि ती जेवेपर्यंत दारात बसून राहिले. सासूबाईंनी स्वतः वेध पाळले, पण सुनेला "जेव गं" म्हणाल्या. ज्याला श्रद्धा आहे त्याने आपल्यापुरती पाळावी, तान्ह्या बाळाच्या तोंडचे दूध काढून पाळू नये.

दुसऱ्या दिवशी पाडवा आणि भाऊबीज एकत्र आली. तीच बाळाची सहावी रात्र. थोरलीने माझ्या मुलाला ओवाळले. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "हिला पाठचा भाऊ हवा होता." पोर ऐकत होती. तिने ताट उचलले आणि सरळ बाळाच्या खोलीत गेली. "मी हिला ओवाळणार." सोयरात चालते का, बहिणीने बहिणीला ओवाळतात का, अशी कुजबुज झाली. सासूबाईंनी निरांजन तेवढे बाजूला काढून ठेवायला सांगितले आणि सुपारी व अंगठीने ओवाळून घेतले. ओवाळणी म्हणून बाळाच्या मुठीत दहाची नोट दिली, ती बाळाने थोरलीच्या ताटात टाकली, म्हणजे आम्हीच टाकवली. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात, हे आपल्याला माहीत आहे. चंद्रापेक्षा बहीण जवळ असते.

रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहायला येते म्हणून आपण पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. सकाळी पाहतो तो कागदावर रंगीत खडूने काढलेला कंदील! थोरलीचा उद्योग. सासूबाई हसून म्हणाल्या, "सटवाई यंदा लवकर येऊन गेली." तो कागद जावेने जपून ठेवला आहे.

बारसे १ नोव्हेंबरला, बाराव्या दिवशी झाले. थोरलीच्या बारशाला जेवढ्या घुगऱ्या, जेवढे पेढे, तेवढेच धाकटीच्या. मुलीला जिलबी आणि मुलाला पेढे हा भेदच आम्ही ठेवला नाही. कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, पण तिने थोरलीला मांडीवर घेऊन दोघींनी मिळून सांगितले.

नावाचे महत्त्व किती असते पाहा. नको असताना झालेल्या मुलींना आपल्याकडे 'नकुसा', 'नकोशी' अशी नावे ठेवीत. पुढच्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून ही नावे. ती मुलगी शाळेत हजेरीला रोज 'नकोशी' म्हणून 'हजर' म्हणणार! ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. दिवाळीचेच ते दिवस होते. नावे बदलली हे उत्तमच झाले, पण 'नकोशी' हा शब्द आधी बायकांच्या बोलण्यातून जायला हवा. "पुढच्या वेळी होईल" याचा अर्थ तोच आहे.

महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ राहिल्या. गर्भाचे लिंग तपासण्याविरुद्ध कायदा आपल्या राज्याने १९८८ साली, देशात सर्वांच्या आधी केला, आणि १९९४ साली तो साऱ्या देशासाठी झाला. तरीही हे आकडे आहेत. मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाकडून येणाऱ्या बीजावर ठरते, हे शास्त्राने कधीच सिद्ध केले आहे. पण बोल लागतो तो बाईला. सरकारनेही १ एप्रिल २०२२ पासून, दुसरे अपत्य मुलगी झाल्यास पात्र मातेला सहा हजार रुपये देण्याची सोय मातृवंदना योजनेत केली. अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडे त्याची चौकशी करता येते.

आमच्या जावेने आणि भावोजींनी दोन मुलींवर थांबायचे ठरवले. 'वंशाचा दिवा' हा विषय अजून अधूनमधून निघतो, नाही असे नाही. निघाला की सासूबाई म्हणतात, "दोन पणत्या आहेत की घरात."

भगिनींनो, भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. म्हणून शेवटी मी एक ठराव मांडते. आपल्या आळीत ज्या घरी दुसरी मुलगी होईल, त्या घरी पाचव्या दिवसाच्या आत मंडळातर्फे दोघींनी जावे. बाळंतविडा न्यावा, अळिवाच्या लाडवांचा डबा न्यावा आणि थोरल्या मुलासाठी किंवा मुलीसाठीही एखादी वस्तू न्यावी. सणाचा दिवस असला तर तासभर बाळंतिणीच्या घरचे काम उचलावे, म्हणजे तिला झोप मिळेल. आणि "दुसरीही मुलगीच का?" हा प्रश्न आपल्यापैकी कोणीही विचारू नये. खर्च फार नाही. वर्गणीतून सहज होईल. लाडू करायची जबाबदारी पहिल्या वर्षी मी घेते.

अनुमोदन कोण देते ते अध्यक्षीणबाईंनी विचारावे, एवढे सांगून मी आपली रजा घेते.