जहाजाला होडकं नव्हतं का?

मीरा-भाईंदर म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या उंच इमारती आणि दाराला माणसे लोंबकळणाऱ्या लोकलगाड्या. पण याच शहराच्या कडेला मिठागरे आहेत आणि पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, उत्तनची कोळ्यांची वस्ती आहे. त्या उत्तनच्या एका नाखव्याने विचारलेल्या प्रश्नाची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

झाले असे. गेल्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असतानाच्या दिवसांत, नाखवा आमच्या भाईंदरच्या घरी आले होते. रविवार होता, शेजारची मंडळीही जमली होती. शेजारचा कॉलेजात शिकणारा मुलगा विज्ञानकथांचा मोठा भोक्ता. त्याने ‘स्टार ट्रेक’ या जुन्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग लावला. हा भाग 1966 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. लेखक रिचर्ड मॅथेसन. बोलणे सगळे इंग्रजी, तेव्हा मुलगा मध्येमध्ये मराठीतून सांगत होता.

गोष्ट थोडक्यात अशी. एंटरप्राइज नावाचे एक अवकाशयान एका ग्रहाभोवती घिरट्या घालत असते. हे यान स्वतः खाली उतरत नाही. माणसाला खाली पाठवायचे तर त्याला एका यंत्रात उभे करतात. तो इथे दिसेनासा होतो आणि तिथे प्रकट होतो. एक दिवस ते यंत्र बिघडते आणि कप्तानाचे दोन कप्तान होतात. एक सौम्य, पण निर्णय घेताना चाचरणारा. दुसरा दांडगा आणि रागीट. आता यंत्र दुरुस्त झाल्याशिवाय कुणाला वर आणायची सोय नाही. इकडे सुलू नावाचा अधिकारी आणि त्याचे सोबती ग्रहावर अडकलेले. तिथे रात्रीची थंडी शून्याखाली 120 अंशांपर्यंत जाणारी! वरून त्यांना शेगड्या पाठवल्या, तर त्यांच्याही जोड्या झाल्या आणि एकही चालेना. बिचारे हत्यारांच्या किरणांनी दगड तापवतात आणि त्याभोवती कुडकुडत बसतात.

इतका वेळ गप्प असलेले नाखवा एकदम म्हणाले, “एवढ्या मोठ्या जहाजावर एक होडकं नाय?”

सगळे हसले. पण नाखवांचे काय चुकले? मोठी बोट खोल पाण्यात उभी करायची आणि लहान होडीने किनाऱ्याला यायचे, हा त्यांचा रोजचा रिवाज. मुलगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, “नाखवा, अगदी हाच प्रश्न या मालिकेचे चाहते कितीतरी वर्षं विचारताहेत!”

मग काय, वादाला तोंड फुटले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “होडकं राहू द्या. शेगड्या बिघडल्या तर आणखी घोंगड्या का नाही पाठवल्या? एकीच्या दोन झाल्या तर उलट बरंच की!” मुलगा म्हणाला, “वहिनी, इतक्या थंडीत घोंगडी काय करणार? ती ऊब निर्माण करत नाही, अंगातली ऊब धरून ठेवते.” वहिनींनी लगेच विचारले, “मग तापलेला दगड आणि वर घोंगडी, असं केलं तर?” मुलाला उत्तर सुचेना. शेवटी तो म्हणाला, “कदाचित त्या ग्रहावर वादळ असेल, होडी उतरवता येत नसेल.” त्यावर नाखवा म्हणाले, “मग तसं गोष्टीत सांगायला नको? मी अर्ध्यातून बोट फिरवली, तर का फिरवली ते घरी सांगावं लागतं.”

श्रोतेहो, पडद्यामागची खरी गोष्ट अगदी साधी आहे. दर आठवड्याला एवढे मोठे यान उतरताना दाखवायचे म्हणजे फार खर्च आणि फार वेळ. म्हणून निर्मात्यांनी ते माणसे पोचवणारे यंत्र कल्पिले. यानातली लहान होडी तेव्हा तयारच झालेली नव्हती. ती पडद्यावर आली नंतरच्या भागांत. म्हणजे नाखवांना जे उणे दिसले, ते खरोखरच उणे होते.

अशा वादातून एक गोष्ट ध्यानात येते. गोष्टीतल्या सगळ्याच अशक्य गोष्टी चुका नसतात. ते यंत्र अशक्य आहे, पण त्याबद्दल कुणी भांडले नाही. ते गोष्टीचे भांडवल आहे. लेखकाला तेवढे उसने द्यावेच लागते. डॉ. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. तशा कथांनाही आपण हे भांडवल आनंदाने देतो. दुसरा प्रकार निसर्गनियम मोडण्याचा. अवकाशात स्फोट झाला आणि धडाड्धूम आवाज आला, असे पुष्कळ चित्रपटांत दाखवतात. तिथे हवाच नाही, तर आवाज येणार कशातून? तिसरा प्रकार म्हणजे गोष्टीने स्वतःच घातलेला नियम विसरणे. यंत्रातून गेलेल्या वस्तूच्या दोन होतात, असे एकदा म्हटले, की घोंगडीच्या काय होतील हे सांगणे आले. वहिनींनी पकडले ते हेच.

आता शिक्षक बंधुभगिनींना माझी स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी पहिलीच्या वर्गाला काऊचिऊची गोष्ट सांगत होतो. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस आला आणि शेणाचे घर वाहून गेले. एक मुलगा उठला आणि म्हणाला, “गुरुजी, उन्हाळ्यात चिऊचं घर का वितळलं नाही?” वर्ग हसला. मी म्हणालो, “गोष्ट आहे ती, गप्प ऐक.” तो खाली बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केला नाही. शेण पाण्यात विरघळते आणि मेण उन्हाने वितळते, हे त्या पोराने कुठल्याही पुस्तकावाचून जोडले होते. माझा तो दिवसाचा धडा त्याने माझ्यापुढे ठेवला होता आणि मीच तो मिटून टाकला.

म्हणून सांगतो, वर्गात गोष्ट झाली की दहा मिनिटे राखून ठेवा. मुलांना तीनच प्रश्न विचारू द्या: या गोष्टीने आपल्याकडून काय उसने मागितले? निसर्गाचा कुठला नियम मोडला? आणि आपला शब्द तिने पाळला का? उत्तर तुम्हांला आलेच पाहिजे असे नाही. “मला ठाऊक नाही, आपण शोधू,” असे गुरुजी म्हणाले, तर गुरुजी लहान होत नाहीत.

आणि हा नुसता करमणुकीचा मामला नाही. उद्या कुणी गावात येऊन सांगेल, “सहा महिन्यांत पैसे दुप्पट करून देतो.” तेही एक दुप्पट करणारे यंत्रच! त्या वेळी “पैसे वाढणार कशातून?” असे विचारणारा माणूस सभेत हवा असेल, तर आज वर्गात चिऊच्या घराबद्दल विचारणारे मूल आपण जपले पाहिजे.

त्या रविवारी निघताना नाखवांनी मुलाला विचारले, “ती होडीवाली गोष्ट कधी दाखवशील?” चूक काढली म्हणून त्यांना गोष्ट नावडली नव्हती. आवडली होती, म्हणूनच त्या अडकलेल्या माणसांची त्यांना काळजी वाटली होती.