रंगाखालचं अर्थिंग



मी शिकलो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, नोकरी करतो सॉफ्टवेअरमध्ये. आज सात रस्त्यावर जमलोय तर एकच प्रश्न विचारतो. लोखंडी वस्तूला जोडलेली अर्थची हिरवी वायर खरंच काम करते का?

सोलापुरात उन्हाळ्यात पारा 40च्या वर जातो. घरात, दुकानात, मशिदीत, शाळेत पत्र्याचे कूलर लागतात. कूलर म्हणजे रंगवलेला पत्रा, आत पाणी, पाण्यात पंप. आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी माणूस. लूमच्या शेडमध्येही तसंच आहे. रंगवलेला सांगाडा, त्यावर मोटर आणि दिवसभर त्याला हात लावून काम करणारा कामगार.

पंपाचं इन्सुलेशन फुटलं की फेज बॉडीला लागतो. तेव्हा करंट मिळतील तेवढ्या वाटांनी विभागून जातो. जिथे अडथळा कमी, तिथून जास्त. हिरव्या वायरीची वाट माणसाच्या अंगापेक्षा हजारपट सोपी असली पाहिजे. ती अडते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, वायर पत्र्याला जोडली तिथे.

रंग वीज वाहू देत नाही. पावडर कोटिंग तर प्लास्टिकचाच थर, साधारण 60 ते 100 मायक्रॉन जाड, म्हणजे केसाएवढा. त्यावरच लग ठेवून स्क्रू आवळला तर जोड दिसतो पक्का, पण धातूला स्पर्श होतो तो स्क्रूच्या आट्यांचा, जेमतेम. पुढे गंज चढतो, पंख्याच्या थरथरीने स्क्रू सैल होतो.

हिशेब करून बघू. समजा जोडाचा रोध 50 ओहम झाला. 230 व्होल्टला करंट येतो 4.6 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडत नाही. बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसंच राहतं. ओल्या अंगातून 100 मिलिअँपिअर गेला तरी हृदय बंद पडू शकतं.

काही जण म्हणतील, मीटर लावला, बीप वाजला. पण मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. वायरीची एकच तार टेकली असली तरी तो वाजतो. कित्येक मीटर तर 30 ओहमलाही वाजतात. घरगुती उपकरणांच्या मानकात ही मर्यादा 0.1 ओहम आहे, आणि तिथे चाचणी मोठा करंट सोडून करतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रोग्रॅम एकदा चालला म्हणून ग्राहकाला देत नाही, ताण देऊन बघतो. इथेही तेच करायचं.

जोड असा करा. आधी प्लग काढा. लगच्या आकारापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. वायरीला लग नीट दाबून बसवा. नटबोल्ट, दातेरी वॉशर आणि वरून दुसरा नट लावा. हा बोल्ट फक्त अर्थसाठी. त्यानेच दुसरा भाग आवळू नका. आवळून झाल्यावर वरून रंग मारा, म्हणजे गंज धरणार नाही. दार किंवा सुटा पत्रा असेल तर बिजागरीवर विसंबू नका, वेगळी लवचीक वायर जोडा.

मग तपासा. प्लग काढलेलाच असू द्या. 12 व्होल्टची बॅटरी आणि गाडीचा 55 वॉटचा हेडलाइट बल्ब घेऊन जोडातून करंट सोडा. तो साधारण साडेचार अँपिअर होतो. लग आणि बॉडीमधलं व्होल्टेज मोजा. 0.45 व्होल्ट म्हणजे 0.1 ओहम. चांगल्या जोडावर त्याहून खूपच कमी येतं. भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग मात्र वायरमनकडूनच तपासून घ्या.

बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हवा. पण जोड तुटलेला असेल, तर गळती त्याला कळते ती माणसाने बॉडीला हात लावल्यावरच. म्हणून दोन्ही हवेत.

कुणी शॉक लागून गेलं की आपण म्हणतो, त्याची वेळ आली होती. दुःखात असं म्हटलं जातं, मी समजू शकतो. पण रंग न खरवडता स्क्रू आवळणं हे माणसाचं काम आहे, आणि ते माणसालाच सुधारता येतं. त्याला लागतो एक पॉलिश पेपर, एक वॉशर आणि अर्धा तास.

उन्हाळ्याआधी आपापल्या मोहल्ल्यातले कूलर मोजा. मशीद, मदरसा, शाळा, पाणपोई यांपासून सुरुवात करा, कारण तिथे कूलर सगळ्यांचा असतो आणि तपासणारा कुणीच नसतो. कोणता कूलर कधी तपासला, किती व्होल्ट आले, हे वहीत लिहा. ती वही पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.