नाना बिघडले नव्हते

मी सॉफ्टवेअर इंजिनियर, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण आज बोलायचंय मेंदूच्या फोटोबद्दल.

आमचं गाव आणे. रंगदासस्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीची पंगत असते. तीन वर्षांपूर्वी त्या पंगतीत आमच्या नानांनी, म्हणजे चुलत्यांनी, शेजारच्याच्या पुढ्यातली भाकरी उचलून खाल्ली. वय 58. कुणाचा चहासुद्धा फुकट न घेतलेला माणूस! लोक हसले. मग दुकानातले पेढे उचलणं सुरू झालं. काकू तापाने फणफणली तरी हे ढिम्म. गाव म्हणालं, पितात. काकू म्हणाली, मुद्दाम करतात. विसरणं मात्र अजिबात नव्हतं, कांद्याचे भाव तोंडपाठ. त्यामुळे डिमेन्शिया कुणाच्या डोक्यातच आला नाही.

शेवटी पुण्यात एमआरआय काढला. हे यंत्र शरीरातल्या हायड्रोजनला मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओ लहरींनी डिवचतं आणि परत येणारे संदेश ऐकून चित्र बांधतं. आपल्या खोडदच्या दुर्बिणीच्या 30 अँटेनाही रेडिओ लहरीच ऐकतात, फक्त आकाशातल्या. दोन्हीकडे गणित फूरियेचंच. (याचं कौतुक मलाच, तुम्ही सोडून द्या.)

नानांच्या मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग आक्रसलेला दिसला. निदान झालं फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. डोळ्यांच्या वरचा भाग 'हे करू नको' म्हणून अडवतो. तो झिजला की हात थेट पेढ्यावर. मधल्या बाजूचा झिजला की उत्साह, कणव आटते. अल्झायमरमध्ये बहुधा आठवणीचा भाग आधी जातो. नानांचा तो बराच शाबूत होता.

पण सगळं चित्रावर सोपवू नका. सुरुवातीला एमआरआय नॉर्मलही येऊ शकतो. तेव्हा मेंदू साखर कुठे कमी वापरतोय ते दाखवणारा पेट स्कॅन कामी येतो. आणि गेल्या पावसाळ्यात नाना अचानक रात्र-रात्र ओरडायला लागले, तर आम्ही परत स्कॅनच्या मागे. निघाली काय, किडलेली दाढ! ती काढली आणि ओरडणं थांबलं. दुखतंय हे त्यांना सांगताच येत नव्हतं.

झीज थांबवणारं औषध नाही. फिल्म बघून काकूने एकच विचारलं, "म्हणजे हे मुद्दाम नव्हतं?" आणि बराच वेळ गप्प बसली.

आता ती पेढेवाल्याकडे आधीच पैसे देऊन ठेवते. यंदाच्या पंगतीत नानांच्या शेजारी तीच बसली, स्वतःची भाकरी त्यांच्या बाजूला सरकवून.